बनातीखालचं नाव

४ नोव्हेंबर, सोमवार

अखेर बस्तान बसलं. दोन खोल्या आणि मागे कामाची खोली. तिला उत्तरेची मोठी खिडकी आहे. दिवसभर उजेड सारखाच राहतो, लाकडाचा रंग पारखायला याहून बरं काही नाही. लाकूड कातायची लेथ बसवली, बाकावर हत्यारं मांडली. बुद्धिबळाचे माझे अकरा जुने संच फडताळात एकाला एक लागून बसले. एकही खोकं उचलायला कोणाची मदत घेतली नाही आणि कंबर शाबूत आहे.

घरमालक किल्ली द्यायला आले होते. बोलका माणूस. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून इथे एकटी माणसंच राहत आली म्हणे. "माणसं सगळी चांगली हो बाई, पण निरोप घ्यायची रीत एकालाही नाही. सामान टाकून चालते होतात." मी म्हटलं, मी सांगून जाईन. टेबलाच्या खणात त्या मंडळींची न फोडलेली पत्रं निघाली. गठ्ठा बांधून ठेवला आहे.

धाकटीचा फोन आला. ताई, माझ्याकडे राहायला ये, हे बहिणीचं शंभराव्यांदा सांगून झालं. तुझ्या सुनेच्या हाताखाली भाज्या निवडायला मी रिकामी नाही, असं सांगितलं. हसली. सतराला, रविवारी, घर बघायला येणार आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार

फडताळाच्या वरच्या कप्प्यात कोणाचा तरी संच राहून गेला आहे. पट शिसवाचा, घडण उत्तम. मोहरे एकतीस, पांढरं एक प्यादं नाही. गंमत म्हणजे कोणतेही दोन मोहरे एका हातचे नाहीत. एकाची मान जाड, एकाचं बूड तिरकं, एका उंटाची खाच डावखुऱ्याने कापलेली. मापं मात्र सगळ्यांची चोख. पेटीच्या तळाशी पांढऱ्या मोहऱ्यांच्याच फिक्या लाकडाचा ठोकळा होता, बरोबर एका प्याद्यापुरता. कोणीतरी आयती तयारी करून ठेवली आहे. अपुरं काम मला बघवत नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

प्यादं एका बैठकीत उतरलं. बुडाला शिसं भरलं, पेन्सिलीने माझं नाव आणि तारीख लिहिली आणि वर हिरव्या बनातीची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, चकती सरसाने चिकटवली. मला हे काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या काताऱ्यांची ही शिस्त. ते म्हणायचे, नाव वर मिरवायचं नाही. पुढे कधी दुरुस्तीला बनात काढील त्यानेच वाचावं. पट मांडला. पूर्ण भरलेला पट बघून इतकं बरं वाटलं की हे सांगायला शेजारी कोणी नाही याची क्षणभर खंत वाटली. क्षणभरच.

९ नोव्हेंबर, शनिवार

दूधवाला दारावरून तसाच पुढे गेला. दोन हाका मारल्या. बहिरा असावा.

११ नोव्हेंबर, सोमवार

वाण्याच्या दुकानात पाऊण तास उभी. माझ्या मागून आलेल्यांना माल देऊन झाला. शेवटी चांगलं खडसावलं. तो काउंटर पुसत होता, फडकं माझ्या हातावरून फिरवलं आणि पुढे पुसत राहिला. दमदाटीने वर्ग गप्प करणारी बाई मी. रडू आवरत घरी आले.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

काळ्या हत्तीची बनात सुटत आली होती, म्हणून काढली. खाली पेन्सिलीने नाव आणि तारीख. मग दुसरी काढली. मग माझी सोडून सगळ्या. एकतीस नावं, एकतीस हस्ताक्षरं.

खणातला गठ्ठा सोडला. पत्रं सात. त्यांवरची सातही नावं मोहऱ्यांखाली आहेत.

घरमालकांना फोन लावला. त्यांनी तीनदा हॅलो म्हणून ठेवून दिला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

माझ्या प्याद्याची बनात काढून नाव खोडायचं ठरवलं. वाफ देऊन सरस मऊ केला. पातं आत सारलं आणि तळपायांत अशी कळ गेली की खुर्चीत कोसळले. मोजे काढले. दोन्ही टाचांची कातडी कडेने सुटली आहे, गोल, स्वच्छ, पात्याने कापावी तशी.

रक्त नाही.

बनात परत दाबून बसवली. तेव्हा कळ थांबली.

धाकटीचा फोन आला. मी म्हणाले, ये, आत्ताच ये, मला घेऊन चल, भाज्या निवडीन. ती म्हणत होती, "ताई? अगं बोल ना. रागावलीस का?"

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

बाकापाशी आहे. दाराकडे पाठ. वळता येत नाही — मान वळत नाही. भूक नाही. ते एकतीस जण समोर. कोणी हलत नाही. हलले असते तर बरं — निदान सोबत —

१६

हात अजून चालतो. बोटं एकमेकांना चिकटत आहेत. गुळगुळीत. रविवार उद्या. उद्याच ना?

१७, रविवार

घरमालकांनी तिला दार उघडून दिलं. तिच्याच चपलेचा आवाज, मी ओळखते. ताई, ताई करत दोन्ही खोल्या फिरली. घरमालक सांगत आहेत, यांनीही निरोप नाही घेतला बघा. ती म्हणाली, "माझी ताई न सांगता कुठे जाणार नाही." रडते आहे. वेडी.

माझ्या मागे उभी आहे. मी इथे — अगं, खुर्चीत —

वाकली. पटाकडे बघते. म्हणते, हे प्यादं तिच्याच हातचं. इतकी नेटकी मान दुसरं कोण —

हात पुढे केला. उचल. नको. उलटं कर, नाव वाच, माझं ना—

तिची बोटं माझ्या मानेभोवती. किती ऊब आहे. किती दिवसांनी कोणी मला