तिसऱ्या पानावरची सूचना

आई,

मावशीचा कीबोर्ड काल संध्याकाळपासून मुका आहे. मावशी म्हणजे तीच, कोकणातून या देशात उशिरा आलेली, जिला किर्यात मलाखीच्या शिवण कारखान्यात तू पहिल्यांदा यंत्रावर बसवलंस. तू गेल्यानंतर तिला झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि शिवण सुटली. आता अश्केलोनच्या एका दवाखान्यात खिडकीमागे बसून ती रुग्णांच्या वेळा टाइप करते, एका हाताने. तीन महिने बघू, असं तिला सांगितलं होतं. ते रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, संपतात. त्या दिवशी कुणीतरी तिच्यामागे उभं राहून तिचा वेग पाहणार आहे. आज शुक्रवार.

तो कीबोर्ड माझा. त्याच्या पोटात एक चिप असते आणि कुठली कळ दाबली की काय उमटेल हे त्या चिपमधला प्रोग्राम ठरवतो. तो मी लिहिला. शब्दांमध्ये जागा सोडणारी लांब कळ अंगठ्याने दाबून धरली की उजव्या बाजूची अक्षरं डाव्या हाताखाली येतात. लिहून मी तो इंटरनेटवर ठेवला, घ्या, उघडा, बदला, म्हणून. मी कधी न पाहिलेली माणसं तो आपापल्या कीबोर्डमध्ये भरतात, चुका कळवतात, दुरुस्त्या पाठवतात. याच्यावर मी सभेत अर्धा तास बोलू शकते आणि बोललेही आहे: आपलं हत्यार ज्याला उघडता येत नाही तो त्याचा मालक नव्हे, भाडेकरू आहे. मी हे आजही मानते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "झालं भाषण? मग भांडी घे घासायला."

मावशीचा अंगठा जरा सावकाश चालतो. त्यामुळे शब्दांत मधेच रिकाम्या जागा पडायच्या. मी प्रोग्राम सुधारला, कळ थोडी जास्त वाट पाहील असा. ती म्हणाली, "तूच ये ना गं, तुला दोन मिनिटांचं काम." मी नाही म्हटलं. आपल्या हत्याराला तिने स्वतः हात लावायचा, हा माझा हट्ट. वापराची माहिती मी हिब्रूत आणि इंग्रजीत लिहिली होतीच. तिच्यासाठी तीच मराठीत उतरवली, चार पानं, आणि केबल व फ्लॉपीबरोबर पोस्टाने पाठवली.

काल तिचा फोन आला. "वकीलबाई," लहानपणी वाद घालायचे म्हणून ती मला अजून हेच म्हणते, "पहिल्या पानावर तुझं भाषण होतं, ते वाचलं, बरं वाटलं. दुसऱ्या पानावर म्हटलंयस, जुना प्रोग्राम पुसा. पुसला. तिसऱ्या पानावर म्हटलंयस, पुसण्याआधी अमुक एक आकडा बदला, नाहीतर चिप पुढे काही आत घेणार नाही. आता काय करू?"

मी काय उत्तर दिलं ते ऐक. मी म्हटलं, "मावशी, आधी सगळं वाचायचं ना."

सभेत मी धोका शेवटी सांगते. तोवर माणसं तापलेली असतात, म्हणून तो मनाला लागतो. सवयीने कागदावरही तसाच मांडला.

आणि तेव्हापासून मला तुझं स्वयंपाकघर दिसतं आहे. मी पंधरा वर्षांची आहे. कारखान्यात रशियातून, इथिओपियातून नव्या बायका येताहेत, तुला हिब्रू बोलता येतं पण लिहिता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी यंत्राची माहिती मी लिहून आणली आहे. तू नारळ खवते आहेस. मी उभी राहून मराठीत अर्थ सांगत वाचते. सुरुवात श्रमाच्या प्रतिष्ठेपासून. तू शेवटपर्यंत ऐकतेस. "छान आहे," तू म्हणतेस, "पण हे वाचून होईपर्यंत तिचं बोट सुईखाली गेलेलं असेल. यंत्र थांबवायचं कुठे, ते पहिल्या ओळीत घाल." मी म्हणते, तुला लिहिण्यातलं काही कळत नाही. "नसेल," तू म्हणतेस, "बोटातलं कळतं." मी तो कागद फाडला. तुझं त्यावाचून अडलं नाही. नव्या बाईचा पाय यंत्राच्या पायट्यावरून उचलायचीस आणि तिचा हात धरून आधी थांबवायच्या बटणावर न्यायचीस.

काल ती सूचना मी पहिल्या पानावर नेली, तिन्ही भाषांत. इंटरनेटवर सगळ्यांना दिसणाऱ्या बदलांच्या यादीत लिहिलं, "मजकुराची मांडणी सुधारली." एवढंच. सगळं उघडं असावं म्हणून गळा काढणारी मी. कोण जाणे, आणखी किती जणांनी दुसऱ्या पानावर थांबून पुसलं असेल. मेलपेटी मी सकाळपासून सात वेळा उघडली. कुणाचंही काही आलेलं नाही, आणि त्याने धीर येत नाही.

चिप बाहेरून भरायचं यंत्र कामावरून मागून आणलं आहे. तासाभरात इथून, रामल्याहून, तिच्याकडे निघेन. संध्याकाळी शब्बात लागतो आणि बस बंद होतात, त्याआधी परतीची मिळायला हवी, नाहीतर तिच्याकडेच राहीन. चिप कीबोर्डातून उपटून काढावी लागेल आणि तिचे पाय केसासारखे बारीक आहेत. एक जरी तुटला तर रविवारी ती साध्या कीबोर्डवर एका बोटाने अक्षरं शोधत बसेल, आणि मागचा माणूस घड्याळ पाहील.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिता येतंय. मघाशी पुन्हा तिचा फोन आला होता. मला वाटलं, रागावेल. तयारी केली होती मी. ती म्हणाली, "मी रात्रभर विचार केला. चूक माझीच गं. पुढचं वाचायला हवं होतं. तुला उगाच शुक्रवारचं धावावं लागतंय, माफ कर."

मी म्हटलं, "असू दे, मावशी. होतं असं."

आई, तिने माफी मागितली, आणि मी ती देऊन टाकली.