शनीवर बसवलेला पाववाला

तीर्थरूप मामांना भटक्या बिंदोचा दंडवत. तुमचा गुडघा आणि तुमचे द्राक्षमळे दोन्ही यंदा बरे असावेत.

मी सध्या पोज्जोस्कुरो नावाच्या गावात आहे. (निघालो होतो फ्लॉरेन्सला, वाटेत एक अस्वलवाला भेटला, ते असो.) दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर मी परलोकयात्रेचं ते लांबलचक काव्य म्हणून दाखवतो. नरकाला गर्दी मावेना, कारण त्यात शेजारच्या गावचे लोक भाजले जातात. स्वर्ग लागला आणि जांभया सुरू झाल्या. "यात आपल्या गावचं कुणीच कसं नाही रे?" लोहाराने विचारलं. म्हणून मी पदरचे चार चरण घालून पाववाल्या नेरीला चंद्रावर बसवलं. (या काव्यातला स्वर्ग म्हणजे एकावर एक रचलेले ग्रहांचे मजले.) नेरी म्हणजे माझ्या घरमालकीण मोन्ना चिल्ला यांचा दिवंगत नवरा, आणि जिच्याशी मला लग्न करायचंय त्या लापाचा बाप. वाटलं, सासूबाई विरघळतील.

सासूबाई कडाडल्या, "चंद्र? म्हणजे सगळ्यात खालचा मजला! मेल्या, वर ने त्याला, नाहीतर लापाचं नाव काढू नकोस!"

पुढच्या रविवारी शुक्रावर नेला. तिथे प्रेमात पोळलेले जीव असतात हे विसरलोच. (काव्य मला निम्मंच येतं, शिकवणारे साधूबाबा मध्येच वारले.) बाईंनी भट्टीचं फावडं उचललं. "कुणाबरोबर बसलाय तो तिथे? नाव सांग!" सूर्यावर पंडित, तर नेरीला सही येत नव्हती. मंगळावर योद्धे, तर तो कोंबडीला भ्यायचा. गुरूवर न्यायी राजे, आणि त्याच्या पावांचं वजन सगळ्या गावाला ठाऊक. उरला शनी. तिथे मौनी तपस्वी. बाईंनी फावडं खाली ठेवलं. "हे पटतं," म्हणाल्या, "माझ्यापुढे त्याने जन्मात तोंड उघडलं नाही." लग्न ठरलं.

आता बिशपचा माणूस म्हणतो, मेलेला कुठे पोहोचला हे ठरवणारा तू कोण? रविवारी सगळ्यांदेखत उतरव त्याला. उतरवला तर लग्न मोडतं, नाही उतरवला तर मी कोठडीत.

तुमचा आज्ञाधारक,
बिंदो

ता. क. आपण धर्मगुरू आहात. नेरी तुमच्या स्वप्नात शनीवर दिसला, एवढं बिशपना कळवावं.

आणखी ता. क. खोटं बोलणं जड जात असेल तर नुसतं खेचर पाठवा. लापा म्हणते, "बाबांना कुठेही ठेव, मला आधी इथून हलव." तेव्हा दोघांना पेलेल असं बघून पाठवा.