कॅल्क्युलस टू, विद्यार्थी पाच

सर,

तुम्ही गेलात त्याला आता सतरा वर्षं झाली. आज दुपारी मी कॉलेजातून पुढच्या सत्राचा कागद घरी घेऊन आले. गणिताचे कोणते कोर्स चालवायचे आणि कोणते बंद करायचे, हे हल्ली मला ठरवायचं असतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरला, पेन्सिल घेतली आणि कॅल्क्युलस टूच्या ओळीशी आले. आमच्याकडे आठ विद्यार्थी लागतात, नोंदणी झाली होती सहांची. मी ओळीवर रेघ मारली. नियम आहे, आणि मी नियम पाळणारी बाई आहे, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? मग चहा ठेवला, तो गार झाला, आणि ही वही उघडली.

मी अमिरातीतल्या अल ऐनला आले तेव्हा एकतीस वर्षांची होते. नवरा तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, मुलगी सात वर्षांची, आणि मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, दहावीनंतर गणिताचं तोंड न पाहिलेली. गाव शांत. दुपारी खजुरांच्या बागांमागे सगळं थांबल्यासारखं व्हायचं, आणि धूळ उडाली की समोरचा डोंगर दिसेनासा व्हायचा. दोन वर्षांचे कोर्स देणारं एक छोटं कॉलेज आमच्या घरापासून दहा मिनिटांवर निघालं होतं. कंटाळून मी तिथल्या प्रवेश चाचणीला बसले आणि निकाल पाहून रडकुंडीला आले. मला सगळ्यात खालच्या कोर्सला टाकलं होतं. व्हरांड्यात गणिताच्या कोर्सच्या फलकासमोर उभी होते, तेव्हा मागून तुमचा आवाज आला. आधी इंग्रजीत, मग माझ्या हातातल्या निकालावरचं आडनाव वाचून मराठीत. "वरून नका वाचू. खालून वाचा. तुमची ओळ सगळ्यात खाली आहे. तिथून कुठपर्यंत जायचं ते तुम्ही ठरवायचं, आम्ही नाही."

तो फलक मला अजून तोंडपाठ आहे. बारा कोर्स. खाली साधं अंकगणित, त्यात माझ्याबरोबर दोन ड्रायव्हर, एक बेकरीवाला आणि ब्यूटी पार्लर चालवणारी एक बाई. वर प्राथमिक बीजगणित, त्याच्यावर जरा कठीण बीजगणित. मग दुकानांतल्या अकाउंटंट लोकांसाठी बिझनेस मॅथ्स, नर्सेससाठी स्टॅटिस्टिक्स, कॉलेज अल्जेब्रा, सर्व्हेवाल्यांसाठी ट्रिगनॉमेट्री. तिथपर्यंत वर्ग भरलेले असायचे. त्यानंतर माणसं विरळ होत जायची. कॅल्क्युलस वन, टू, थ्री, लिनिअर अल्जेब्रा आणि सगळ्यात वर डिफरन्शियल इक्वेशन्स. वरच्या दोन्हींना कधी कुणी आल्याचं मी पाहिलं नाही, तरी तुम्ही ते दर वर्षी छापायला लावायचात. "छापलेलं असलं की कुणीतरी विचारायला येतं," म्हणायचात. साडेतीन वर्षांत मी त्या फलकावरून एकेक ओळ वर सरकले. घरी मुलीच्या शेजारी बसून अपूर्णांक सोडवायची. ती म्हणायची, "आई, यू आर सो स्लो," आणि खरंच होतं ते.

कॅल्क्युलस वनला तुम्ही मला एकदाच रागावलात. इंटिग्रेशनच्या उत्तराच्या शेवटी कॉन्स्टंट, तो ‘अधिक सी’, लिहायला मी पेपरभर विसरले होते, सहाच्या सहा गणितांत. तुम्ही पेपर माझ्यासमोर ठेवलात आणि सगळ्यांदेखत, आवाज न चढवता विचारलंत, "दिसत नाही म्हणून ते तिथं नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं?" त्या दिवशी तुमचा चेहरा मला नीट वाचता आला नाही. एवढ्याशा चुकीसाठी माणूस इतका पांढरा पडतो?

मग कॅल्क्युलस टू. वर्ग सोमवार-बुधवार दुपारी चार वाजता. पडदे ओढलेले, एसीची घरघर आणि आम्ही चार जण: एक सुदानी सर्व्हेअर, एक फिलिपिनो नर्स, हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करणारा आपला वसईवाला, आणि मी. किमान पाच विद्यार्थी नसतील तर कोर्स रद्द होतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तो रद्द झाला नाही. तुम्ही हजेरी घ्यायचात. चार नावं व्हायची, मग तुम्ही पाचवं नाव घ्यायचात, एका मुलीचं, तुमच्याच आडनावाचं. क्षणभर थांबायचात, खूण करायचात आणि वही मिटायचात. पहिल्या दिवशी मला वाटलं, येईल उशिरा. दुसऱ्या आठवड्यात वसईवाला घाईघाईत आला आणि माझ्या डावीकडच्या खुर्चीवर बसायला गेला. तुम्ही फळ्याकडे तोंड करून लिहीत होतात. मागे न वळता म्हणालात, "ती जागा भरलेली आहे." तो अर्धवट वाकलेला तसाच उठला आणि मागच्या रांगेत गेला. बाकीचे फळ्यावरचं उतरवत राहिले. मी मात्र तेव्हापासून वही उघडली की डावं कोपर आत घ्यायला लागले. बाजूच्याला अडचण नको, अशा बेतानं. हे मी करते आहे हेसुद्धा मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

त्याच महिन्यात तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात. मी कटाची आमटी केली होती, पुरणपोळ्या केल्या होत्या, आणि तुम्ही ओट्याशी उभं राहून तव्यावरची पोळी उलटताना पाहत होतात, कारण कित्येक दिवसांत ते पाहिलं नव्हतं म्हणालात. माझ्या मुलीनं मध्येच विचारलं, "अंकल, डू यू हॅव किड्स?"

"एक मुलगी आहे," तुम्ही म्हणालात. "कॅल्क्युलस टू करतेय. तुझ्या आईच्याच वर्गात."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. नवरा ताटं मांडत होता. त्यानं सहज विचारलं, "मग तिलाही आणायचं होतंत, सर."

"ती कुठं जात-येत नाही फारशी," असं म्हणून तुम्ही पोळीवर तूप घेतलंत. जेवलात पोटभर. जाताना दारात चपला घालून उभे राहिलात, आणि कुणीतरी पुढं व्हावं म्हणून बाजूला सरकतात तसे थोडे सरकलात. मग जिना उतरलात. मी दार लावून घेतलं आणि ताटं उचलायला गेले.

मंगळवारी सकाळी मी कॉलेजातल्या तुमच्या खोलीत पेपर लावायला मदत करायची. पहिल्या चाचणीचा गठ्ठा हातात आला, तर त्यात पाच पेपर होते. पाचवा पेन्सिलीनं लिहिलेला होता, अक्षर बारीक, डावीकडे झुकलेलं. शंभरपैकी एकसष्ट, आणि वर तुमच्या लाल शाईत "घाई". मी तो वाचत गेले. चौथ्या गणितातली उणे चिन्हाची चूक माझी होती. मागच्या सत्रात मी अगदी त्याच जागी केलेली. कॉन्स्टंट सहाही ठिकाणी सुटलेला होता. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ होती, ती मीच काढते, आमच्या वर्गात दुसरं कुणी काढत नव्हतं. मी पेपर गठ्ठ्यात होता तसाच ठेवला, वरून दुसरा आणि तिसरा यांच्यामध्ये, आणि हात धुऊन आले. कशाला धुतले, ते ठाऊक नाही.

वसईवाल्याला पार्किंगमध्ये गाठून विचारलं. तो अल ऐनमध्ये दहा वर्षं होता, त्याला गावातलं सगळं माहीत असायचं. "तुम्हाला ठाऊक नाय?" तो गाडीच्या दाराला टेकून म्हणाला. "सरांची पोरगी हितंच शिकायची. कॅल्क्युलस टूचा तिसरा आठवडा चालला होता. दुबईहून परत येताना रस्त्यावर उंट आडवा आला. गाडीतले बाकीचे वाचले, ती नाय वाचली. चार-पाच वर्षं झाली असतील. सरांची बायको नाशिकला भावाकडे निघून गेली, परत आलीच नाय. सर राहिले." मग त्यानं आवाज खाली केला. "तिचा जुनाच नंबर आहे ना कॉलेजात, दर वेळी तोच घालतात यादीत. आपला कोर्स चालतोय ना, ताई? मग गप बसा."

मी गप्प बसायला हवं होतं. भीती वाटत होती हे खरं, पण नुसती भीती नव्हती. राग होता, सर. तुम्ही मला खालच्या ओळीपासून वर आणलंत, आणि मला वाटत होतं ते माझ्यासाठी. तो पेपर पाहिल्यावर वाटलं की तुम्ही माझ्यातून थोडंथोडं घेऊन तिला शिकवत होतात. माझ्या चुका तिला देत होतात, कारण ती असती तर कुठं चुकली असती हे तुम्हाला आता आठवत नव्हतं. हे मी तेव्हा असं शब्दांत मांडू शकले नसते. फक्त वर्गात डावीकडे बघायचं बंद केलं होतं.

पुढच्या आठवड्यात ऑफिसातल्या केरळच्या क्लार्कनं मला काउंटरशी थांबवलं. साधा माणूस, सगळ्यांशी हिंदीत बोलायचा. "मॅडम, ये पाँचवीं लडकी आती है क्या आपके क्लास में? इसका नया विझा नंबर फाइल में नहीं है." हातात पेन धरून तो उत्तराची वाट पाहत होता. मी "हां" म्हटलं असतं तर त्यानं खूण केली असती आणि चहा प्यायला गेला असता. मी म्हटलं, "नहीं. कभी नहीं आयी."

एवढंच. तो "ओके, ओके" म्हणाला आणि फाइल घेऊन आत गेला. दोन दिवसांनी आम्हा चौघांना पत्र मिळालं, की विद्यार्थी कमी असल्यामुळे कोर्स बंद करण्यात येत आहे. जुन्या याद्या काढल्या गेल्या. तुमचं कॉन्ट्रॅक्ट त्या सत्राबरोबर संपवलं. क्लार्क मला पाहून मान खाली घालायचा, म्हणायचा, "खलास, मॅडम, मैंने तो सिर्फ पूछा था." व्हरांड्यातल्या फलकावरून कॅल्क्युलस वनच्या वरच्या चारही ओळी निघाल्या.

तुम्ही खोली आवरत होतात त्या दिवशी मी आले. तुम्ही मला बाराही कोर्सच्या हस्तलिखित टिपणांची फाइल दिलीत. तीच पुढं शिकताना माझ्या उपयोगी पडली, आणि तिच्याच जोरावर मी आज हे काम करते. कुणी सांगितलं हे तुम्हाला कळलं होतं, मला दिसत होतं ते. मी माफी मागायला तोंड उघडलं. तुम्ही हातानंच थांबवलंत आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसलात. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही अगदी हळू विचारलंत, शंका आलेल्या विद्यार्थ्यासारखं:

"तुम्ही तिच्या शेजारी बसायचात. खरंच आली नव्हती? एकदाही?"

मी म्हटलं, "नाही, सर."

तुम्ही मान हलवलीत. मग फाइलला दोरी बांधून दिलीत.

त्या डिसेंबरात आम्ही सुट्टीला पुण्याला गेलो होतो. तुम्ही तिथंच राहायला गेला होतात, पत्ता वसईवाल्याकडून घेतला होता. दुपारी एकटीच रिक्षानं आले. खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "दुसरा मजला, उजवीकडे. एकटेच असतात हो, कुणी येत नाही, जात नाही. भेटा, बरं वाटेल त्यांना." मी वर आले. बेलवर बोट ठेवणार तेवढ्यात आतून तुमचा आवाज आला. तुम्ही शिकवत होतात. इंटिग्रेशन बाय पार्ट्स, अगदी आमच्या वर्गातल्यासारखं, सावकाश. एक पायरी सांगितलीत आणि विचारलंत, "मग पुढं काय येईल?" आणि थांबलात. उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ थांबलात. मला आत काहीच ऐकू आलं नाही. मग तुम्ही म्हणालात, "बरोबर. पण कॉन्स्टंट?" आणि हसलात. तुम्हाला हसताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मी किती वेळ उभी होते, माहीत नाही. बेल वाजवली असती तर तुम्ही दार उघडलं असतंत, मला आत बसवलं असतंत, आणि मला तिथं डावीकडे बघावं लागलं असतं. मार्चमध्ये तुम्ही गेल्याचं कळलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून वहीतच राहील. त्या दिवशी घरी गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, "भेटले का सर?" मी चपला काढत म्हटलं, "नाही. घरच सापडलं नाही." तो अजून तेच खरं धरून चालला आहे.