आत कोणी नाही, ठीक!

४ एप्रिल
काकेगावाच्या प्रकाश-प्रयोगशाळेत आज रुजू झालो. वार्ताहरकी आणि बौद्ध देवळात पुजारीपण करत पन्नाशी गाठली, आता यांचं माहितीपत्रक लिहायचं. दुपारी चहाच्या मळ्यांकडे तोंड करून डबा खाल्ला, छान वाटलं. इथला कॅमेरा असा चपळ, की लेझरचा उजेड भिंतीकडे गोगलगाईसारखा सरपटताना दिसतो. देवळात संस्कृत शिकताना 'क्षण' शब्दाची व्याख्या घोकली होती. ती इथे फारच ऐसपैस पडते. नव्या माणसाकडे दाराचं काम. लेझर सोडण्याआधी आत बघायचं, बोट रोखायचं आणि खणखणीत ओरडायचं, आत कोणी नाही, ठीक! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तंत्रज्ञ कुझुमेबाई म्हणाल्या, बुवा, देवळात मंत्र म्हणताना बरी लाज वाटत नाही!

११ एप्रिल
आज पाहुणे आले होते. मी बोट रोखून तोंड उघडलं, तोच मागे खसखस पिकली. कान तापले. आत न बघताच ओरडून मोकळा झालो. कुझुमेबाई आत होत्या, संरक्षक चष्मा काढून पुसत. लेझर सुटला. त्यांचा उजवा डोळा गेला.
प्रमुख मुरोईंनी विचारलं, आत नीट पाहिलं होतंत ना? म्हणालो, पाहिलं होतं, कोणी नव्हतं.

१६ एप्रिल
इस्पितळातून बाईंनी सगळ्यांसाठी मांजूंचा, गोड सारणाच्या वाफवलेल्या पावांचा, डबा पाठवला. माझ्यामुळे कामाचा खोळंबा झाला, क्षमा असावी, अशी चिठ्ठी. रीतच आहे. मुरोई म्हणाले, घ्या हो बुवा, लाजता काय? एक घेतला. गुपचूप खिशात टाकला.

१९ एप्रिल
खोली रिकामी होती, मी दोनदा पाहिलं. तरी आजच्या चित्रणात दारापाशी उजेडाचा एक माणूस. बोट रोखलेलं, तोंड उघडं, मान मागे, त्या दिवशी पाहुणे उभे होते तिकडे वळलेली. मुरोई म्हणाले, भिंगावर धूळ असेल. पुसली. कोट माझाच होता.

२१ एप्रिल
पुन्हा तोच. मान किंचित आत वळली आहे. असं झालं नव्हतं. मी आत बघितलंच नव्हतं —

२२ एप्रिल
नाक दिसू लागलं. मुरोई म्हणाले, धूळ तुमच्यावर गेलीय हो, बुवा! हसले. मग हसायचे थांबले.

२४ एप्रिल
इस्पितळ. बाईंपुढे जमिनीला कपाळ टेकून कबूल केलं, न बघता ओरडलो. त्या हळूच म्हणाल्या, आता तरी खरं बोला, बुवा. मी हात हलवला होता. तुम्ही माझ्याकडे —
नाही, म्हणालो मी.

२५ एप्रिल
चेहरा पूर्ण वळला. डोळे सताड उघडे. बुबुळांत एक इवलीशी बाई, हात हलवणारी —
शब्द तोंडातून निघाले होते. अर्ध्यावर तोडले असते तर सगळे पुन्हा हसले असते. एवढ्यासाठी. मी तिला पाहिलं, आणि तिच्याकडेच बोट रोखून —