स्टँडर्ड एरर शून्य

२० ऑक्टोबर २००२, रविवार

पुढच्या महिन्याच्या सतरा तारखेला सत्यभामाला जाऊन वर्ष होईल. घरीच पुण्यानुमोदन ठेवायचं. भन्तेजींची वंदना, मग जेवण. आचारी हिरालाल येऊन गेला. किती लोक, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, अंदाजानं सांगणार नाही, काढून सांगतो. तो हव, म्हणजे बरं, म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

संकल्प : सगळ्यांना फोन करायचे नाहीत. यादी एकशेऐंशी नावांची आहे. मी इतकी वर्षं कॉलेजात सॅम्पलिंग शिकवतो. वीस जणांना विचारलं की पुरे. बाकीच्यांना पोस्टानं कार्ड. बोलायला नको म्हणून नव्हे. पद्धत म्हणून.

२२ ऑक्टोबर

भिलाईहून भावनाचा फोन. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. बापाशीसुद्धा. म्हणाली, बाबा, तीस लोगों का बोल दो, बस. साल भर में मिलने कौन आया? मी म्हटलं, तीस हे तुझं मत झालं, एस्टिमेट नव्हे. तिनं खाना खाया का म्हणून विचारलं. खाल्लं म्हटलं. खाणारच होतो.

२४ ऑक्टोबर

रँडम नंबर टेबलवरून वीस नावं काढली. सातवं नाव मंदाकिनीताई, चौबे कॉलनी. सत्यभामाची मैत्रीण. दवाखान्यात शेवटपर्यंत बसून होत्या. त्यांना फोन लावला नाही. त्या रडतील. रडणाऱ्या माणसाकडून माहिती नीट मिळत नाही. त्यांच्या जागी यादीतलं खालचं नाव घेतलं, आमच्या कॉलेजचे लायब्रेरियन. सोयीसाठी नाव बदलू नये, असं पुस्तकात आहे. परीक्षेत मी त्याचे दोन मार्क कापतो. पण पुस्तक लिहिणाऱ्याची मंदाकिनीताईंशी ओळख नव्हती.

२७ ऑक्टोबर

आठ फोन झाले. रायपूर राजधानी झाल्यापासून नंबर फार बदलले. एक नंबर कुठल्याशा साहेबांच्या बंगल्यावर लागला. शिपायानं विचारलं, कौन विभाग? मी सांख्यिकी म्हटलं. तो म्हणाला, साहब मीटिंग में हैं. तिथंही खालचं नाव घेतलं.

प्रश्न सगळ्यांना एकच, शब्दही तेच ठेवतो : सतराला सत्यभामाचं आहे, याल ना? उत्तरं स्पष्ट मिळतात. येऊ ना जी. धर्मपालभाऊ, हे काय विचारणं झालं? हव, पक्का. एकानंही फोन दोन मिनिटांवर लांबवला नाही. लोक सहकार्य करतात.

३० ऑक्टोबर

सर्वेक्षण पूर्ण. वीसपैकी वीस हो.

म्हणजे p, होकारांचं प्रमाण, बरोबर एक. मग एक वजा p शून्य, गुणाकार शून्य, स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली चूक, शून्य. इतक्या वर्षांत कुठल्याच सर्वेक्षणात असं झालं नव्हतं. एकशेऐंशी, अधिक-उणे काही नाही. दुपारी छान झोप लागली.

२ नोव्हेंबर

ट्यूशन. बी.एस्सी.ची तीन मुलं येतात. त्यांना हेच उदाहरण फळ्यावर करून दाखवलं. कुणाचा कार्यक्रम ते सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं. निधी म्हणाली, सर, इसमें कुछ गड़बड़ है. मी म्हटलं, फॉर्म्युल्यातली चूक दाखव. ती म्हणाली, फॉर्म्युला ठीक है सर, सवाल गड़बड़ है. ऐसे में मुँह पर ना कौन बोलेगा? मेरे पापा बुलाएँ तो आप भी हाँ ही बोलोगे. मी म्हटलं, उत्तरांतला बायस सातव्या प्रकरणात येतो, आपण चौथ्यात आहोत. बाकीची दोघं हसली. कशाला, ते विचारलं नाही.

हुशार मुलगी आहे. घाई करते.

४ नोव्हेंबर

दिवाळी. बाहेर फटाके. उशिरा उठलो. साबण संपला आहे. सत्यभामा तो हिरवा साबण कुठून आणायची, ठाऊक नाही. दुकानातूनच, उघड आहे. तीन दुकानं पाहिली. दुसरा आणला.

१० नोव्हेंबर

हिरालालला आकडा दिला. त्यानं विचारलं, दो सौ कर दूँ साहब? कम पड़ा तो नाक कटेगी. मी म्हटलं, एकही जास्त नको. तो माझ्याकडे पाहत राहिला. पूर्ण खात्रीचा माणूस त्यानं फार पाहिला नसावा.

१६ नोव्हेंबर

भावना आली. अंगणातल्या खुर्च्या पाहिल्या. मग स्वयंपाकघरात गेली आणि माझे डबे उघडून पाहिले. मी म्हटलं, या आठवड्यात कामात होतो.

१७ नोव्हेंबर, सकाळ

सगळ्यात आधी मंदाकिनीताई आल्या. स्वतःची विळी घेऊन. हिरालालशेजारी वांगी चिरायला बसल्या. मले काहून फोन नाई केला भाऊ, म्हणाल्या. मी म्हटलं, तुमचं नाव सॅम्पलमध्ये आलं होतं, पण वगळावं लागलं. त्या म्हणाल्या, तुमचं तुमाले माहीत. मले का तारीख सांगा लागते?

रडल्या नाहीत.

दुपार

अकराला वंदना झाली. भन्तेजींना बारानंतर जेवण चालत नाही, त्यांना आधी वाढलं. बाकीच्यांची पंगत थांबवली. आलेले चौतीस. फोन केलेल्या विसांतले तीन. कारणं आहेत : कालपरवापासून लग्नाचे मुहूर्त लागले, शिवाय कुणा मंत्र्यासाठी रस्त्यांवर बंदोबस्त. उशिरा येतील. एक वाजता मंदाकिनीताई म्हणाल्या, भाऊ, लोकं भुकेनं मरून राहिले, वाढा आता. दोनपर्यंत थांबलो, मग वाढलं.

नंतर कुणी आलं नाही.

संध्याकाळ

हिरालालनं पातेली झाकली आणि क्या करें साहब म्हणाला. मी एक्स्पेक्टेड व्हॅल्यूबद्दल काही सांगू लागलो. भावनानं ऐकून घेतलं, मग टेम्पो बोलावला. तीच म्हणाली, भनपुरी ले चलते हैं. तिथं ट्रकवाले आणि हमाल उघड्यावरच असतात. मंदाकिनीताई पुढं बसल्या, मी मागं पातेली धरून.

ट्रकांच्या मधल्या जागेत पन्नासेक माणसं लगेच बसली, अजून येत होती. मी वरण वाढत होतो. एका ड्रायव्हरनं पत्रावळ पुढं करत विचारलं, चाचा, किस खुशी में? मी म्हटलं, राज्य बना ना, उसकी. त्याला पटलं. बढ़िया म्हणाला.

मागून मंदाकिनीताई म्हणाल्या, काय बी सांगते. भैया, इनकी घरवाली की बरसी है. सत्यभामा नाम था.

ड्रायव्हरनं पत्रावळ खाली ठेवली. उभा राहिला आणि मला हात जोडले. शेजारचा उभा राहिला. मग ती पूर्ण ओळ. काहींच्या हाताला भात होता, त्यांनी तसेच जोडले. मी म्हटलं, बैठो भाई, खाना ठंडा होगा. बैठो. आप लोग बैठो. असं म्हणत राहिलो.

भावनानं माझ्या हातातला डाव काढून घेतला. म्हणाली, बाबा, वो लोग बैठ गए. कब के.