श्रमविभागाचे फायदे

प्रिय शफी,

तुझं पत्र मिळालं. चांद्याच्या स्टेशनवर माझ्यासाठी थांबू नकोस. इंटरच्या परीक्षेला मी येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तू उगाच आशा धरणार नाहीस.

नागपूरच्या खोलीत तू अर्थशास्त्राचं पान वाचायचास आणि मी तेच गोंडीत म्हणून बघायचो, आठवतं? तू हसायचास, पण माझ्या डोक्यात ते तसंच बसायचं. अभ्यासाच्या सुट्टीत इथे सूरजागडच्या पायथ्याला, घरी आलो, तरी ही खोड सुटली नाही. ऐकायला तू नव्हतास, म्हणून बा ऐकायचा. मागणी-पुरवठ्याला तो जांभया द्यायचा. श्रमविभाग मात्र त्याला भारी आवडला. एकाने एकच काम करावं, हात बसतो, वेळ वाचतो, काम झपाट्याने होतं. हे सगळे फायदे त्याने माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतले. पोराच्या पुस्तकात गावाच्या उपयोगाचं काहीतरी निघालं, याचा त्याला कोण आनंद.

मोह गळायच्या आधी आमच्याकडे झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुलं मोकळ्या जमिनीवर पडतात आणि वेचता येतात. प्रत्येक घर आपापल्या झाडाखाली जाळतं आणि हिरव्या डहाळ्या घेऊन विझेपर्यंत तिथेच उभं राहतं. यंदा बाने गाव गोळा करून कामं वाटून दिली. काहींनी पाला ओढायचा, दोघांनी पेटवत जायचं, बाकीच्यांनी मागून विझवत यायचं. आणि पुस्तकात लिहिलंय तसंच झालं बघ. पेटवणाऱ्यांचा हात बसला. ते इतके भराभर पुढे गेले की विझवणारे मागेच राहिले. त्यात वारा सुटला. आग सरकारी बांबूत शिरली आणि आमच्या मोहाच्या कळ्याही करपवून गेली.

जंगलाचा नाकेदार आला तेव्हा बा आपणहून पुढे झाला. "साहेब, आग माह्याच सांगण्यानं लागली. पोराले काई मालूम नाई." त्याला नेताना मी मागे धावलो, तर मलाच दटावलं, "तू काऊन येऊन राह्यला? पेपराले जाजो."

गावात मला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं वाटतं. उलट शेजारची रंभाबाई मायला मागच्या वर्षीची टोपलीभर मोहफुलं देऊन गेली, तिच्या स्वतःच्या घरात पुरेशी नसताना. मोहावरच आमचा उन्हाळा निघतो, आणि यंदा मोह नाही. माय आहे, लहान बहिणी आहेत. मी बांबू तोडायला जातो. माझी इंटर आता होत नाही शफी, पुढच्या वर्षीही नाही. मला ते कळतं, म्हणून समजूत घालू नकोस.

फक्त एक कर. बा चांद्याच्या तुरुंगात आहे, तुझ्या घरापासून पायी जाण्याएवढ्या अंतरावर. त्याला वाटतं, मी नागपुरात पेपर लिहिणार आहे. परीक्षा देऊन आलास की त्याला भेट. लालसू माझ्या शेजारीच बसला होता, असं सांग. श्रमविभागावर प्रश्न आला होता का, हे तो नक्की विचारेल. आला होता म्हण. लालसूने सगळे फायदे लिहिले म्हण.

तुझाच,
लालसू