मानमोडी

३ जानेवारी
आलो एकदाचा चाकणला, चिमाजीशेठच्या पोल्ट्रीवर. कॉलेज सोडलं म्हणून घरचे बोलत नाहीत, नका बोलू. प्राजक्ता इथं अंडी भरते, मला तेवढं पुरे. मला बघून म्हणाली, आलास का वाघा, आता कोंबड्या राख. राहायला पत्र्याची खोली. दाराला कडी नाही, पण चोरायचं काय? कधीतरी ती येईल इथं, चहाला. काम सोपं. मेलेल्या कोंबड्या पुरायच्या नाहीत, मागच्या डुकरांना टाकायच्या. शेठ म्हणतो, फुकटचं खाद्य हाय.

७ जानेवारी
तिच्याशेजारी सुजित नावाचा एक बसतो. सर्दीनं नाक गळतंय, तरी गप्पा संपत नाहीत. तिनं त्याला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. आणि आज शेडमध्ये कोंबड्यांची मर वाढली. हा पठ्ठ्या सकाळी तिथंच घुटमळत होता. खाद्यात काहीतरी कालवलंय यानं.

११ जानेवारी
शेठच्या कानावर घातलं. त्यानं सुजितला अंड्यांवरून काढून डुकरांकडे धाडलं. जाताना शिंकत म्हणाला, भावा, तुझ्या पोटात कशानं दुखतंय ते कळतंय मला. कळू दे.
कोंबड्यांचे तुरे निळे पडलेत. डॉक्टर बोलावू म्हटलं तर शेठ न्हाई म्हणाला. कोंबड्यांची मानमोडी हाय, दरसाल येती. बोभाटा केलास तर सरकार समदे पक्षी मारंल.

१७ जानेवारी
डुकरं खोकतायत. अगदी माणसासारखी.
सुजित तापानं पडलाय. नाटक असणार, प्राजक्तानं विचारपूस करावी म्हणून. ती जायच्या आत मीच गेलो, तोंडाजवळ वाकून बघितलं.
ओठ निळे होते. तुऱ्यांसारखे.

१९ जानेवारी
सुजित दवाखान्यात. शाळेतल्या ओंकारला फोन केला, तो जनावरांच्या डॉक्टरकीला आहे. म्हणाला, कोंबडीचा फ्लू डुकराला होतो, माणसाचाही होतो. दोन्ही विषाणू एकाच डुकरात भेटले की आपसात तुकड्यांची अदलाबदल करतात. निघतो तो तिसराच, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणारा. मग विचारलं, सर्दीवालं कुणी होतं का डुकरांपाशी?
होतं. मीच त्याला तिथं—

२० जानेवारी
सुजित गेला.
शेठ फोन उचलत नाही. ओंकारनं सरकारी डॉक्टरांना कळवलंय.
मला ताप.

२१
प्राजक्ता दाराशी. काढा आणलाय म्हणते. रुसलास का, विचारते.
ताप सांगितला तर हमखास आत येईल. नुसतं जा म्हणालो. घाण शिवी दिली. तरी—
पाठ दाराला लावून बसलोय. दम पुरत नाही. ती हसतेय, ढकलतेय. वाघा, उघड की.
पाय घसरतायत. खोकला आव—